वारी तीच, अंथरूण बदलावे

मंडळी, मृगाचा एखादा शिडकावा होऊन गेला की आपल्या बारामती-इंदापूरकडे घरोघर दोन तयाऱ्या एकदम सुरू होतात. एक पेरणीची आणि दुसरी वारीची. एकीकडे बी-बियाण्याच्या पिशव्या घरात येतात, दुसरीकडे माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरते. टाळाची दोरी बदलायची, पताकेची काठी बघायची, गोधडीला ऊन दाखवायचे. या गडबडीत घरातला एखादा म्हातारा मात्र गप्प बसलेला असतो. त्याच्या मनात एकच विचार असतो, यंदा आपल्याला झेपेल का?

गेल्या पंधरवड्यात बारामती तालुक्यातल्या एका वाचक बांधवाचे असेच पत्र आले. वय चौसष्ट. तीस वर्षांची वारी. गुडघ्यांनी दावा मांडलेला. ते लिहितात, "चालायला अजून जमते. पण रात्री जमिनीवर पडलो की सकाळी उठवत नाही. मुले म्हणतात, आता घरी बसून हरिपाठ करा. घडीची खाट बरोबर नेली तर चालेल का? लोक हसतील का?"

पत्र वाचून मला हसू आले नाही, कारण हाच प्रश्न मी स्वतःला विचारून बसलो होतो. म्हणून आज थोडे घरचेच सांगतो.

2013 सालची गोष्ट. मी तेव्हा पंचावन्नचा होतो. अंगात रग होती आणि डोक्यात त्याहून जास्त. एक पंचा, एक गोधडी, एक कांबळे, एवढाच माझा संसार. कुणी जाड अंथरूण आणले की मी म्हणायचो, "वारीला आलाय की सासुरवाडीला?" निमगाव केतकीच्या मुक्कामी रात्री पाऊस आला. आमचे पाल सखल जागी होते. बाराच्या सुमारास पाणी आत शिरले, गोधडी भिजली. उठून दुसरीकडे जाण्याचा कंटाळा केला आणि ओल्यातच कूस बदलून पडलो. पहाटे उठायला गेलो तर कंबर धरलेली. दोघांनी काखेत हात घालून उभे केले. कसाबसा गाडीतून इंदापूरपर्यंत आलो आणि तिथून एसटीने घरी. गोल रिंगण त्या दिवशी माझ्याशिवाय झाले.

पुढच्या साली गेलोच नाही. "आता वय झाले" असे सगळ्यांना सांगून टाकले. पण पालखी आपल्या भागातून जात असताना घरी बसणे सोपे नाही, हे ज्याने वारी केली त्यालाच कळेल. रस्त्यावरून टाळ ऐकू येत होते आणि मी गोठ्यात उगाच शेण भरत होतो.

त्या रात्री आमची थोरली आत्या वाटेवरून घरी टेकली. तेव्हा ती एकोणसत्तर वर्षांची होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "का रं, पाय मोडलं का?"

म्हटले, "पाय नाही आत्या, कंबर. जमिनीवर झोपवत नाही आता."

"मग जमिनीवर झोपायला कुणी सांगितलं? देव काय तुझी गोधडी मोजायला बसलाय?"

तिने आपले गाठोडे सोडून दाखवले. वर लुगडी आणि खाली तिची सारी सोय. तेव्हा मला कळले की जिला मी इतकी वर्षे काटक समजत होतो, ती काटक होतीच, पण त्याहून जास्त शहाणी होती.

पाठीखालची जमीन

आत्याचा पहिला नियम असा की थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. म्हणून पांघरूण एक कमी चालेल, पण अंथरूण दुप्पट हवे. सर्वांत खाली ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिकचा कागद. ताडपत्रीखाली उसाचे पाचट किंवा कडबा पसरता आला तर गादीची गरजच नाही. आपल्या भागात पाचटाला तोटा नाही, शेतमालकाला विचारले की तो नाही म्हणत नाही. मात्र पाचट आधी काठीने चांगले झोडपून घ्यावे, विंचूकाट्याची खात्री करावी, आणि शेगडी, उदबत्ती, विडी त्याच्या आसपास येऊ देऊ नये.

त्यावर गोणपाट, त्यावर गोधडी, आणि अंगावर घोंगडी. घोंगडीसारखे पावसाळी पांघरूण दुसरे नाही. लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते, सुती चादर भिजली की गारठते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते ते आपण दर साल पाहतो. त्या मेंढ्यांमागे चालणारे आपले धनगर बांधव आयुष्यभर उघड्यावर मुक्काम करतात. त्यांच्या खांद्यावर काय असते ते बघा म्हणजे पटेल.

आता खाटेचे. ज्यांचे गुडघे किंवा कंबर दुखते त्यांचा खरा त्रास झोपण्यात नसतो, खालून उठण्यात असतो. अशा माणसाने घडीची खाट अवश्य न्यावी. नवारीची किंवा कापडाची, दुमडली की काखेत मावेल अशी. खाटेच्या पायांखाली फळीचे तुकडे ठेवावेत, नाहीतर आपल्या काळ्या रानात पाय रुततात आणि माणूस मध्यरात्री कलंडतो. खाटेवर खालून वारा लागतो, म्हणून तिच्यावरही गोधडी अंथरायला विसरू नये. खाट नकोच असेल तर निदान एक प्लॅस्टिकचे स्टूल तरी ठेवावे. जेवायला, पाय धुवायला आणि धरून उठायला, तिन्हीला कामी येते.

राहुटी कुठे, कशी

आपला पट्टा कमी पावसाचा. चार-चार दिवस ऊन असते, म्हणून माणूस गाफील राहतो आणि नेमका रात्री सडाका येतो. तेव्हा आभाळ कितीही निरभ्र असो, राहुटी उंचवट्यावरच लावावी आणि भोवती वीतभर चर खणून पाण्याला उताराकडे वाट करून द्यावी. मी 2013 साली एवढे केले असते तर कंबर वाचली असती.

सुती किंवा तागाची दोरी भिजली की आखडते आणि खुंट्या उपटते. म्हणून पावसाचे लक्षण दिसताच तणाव थोडे सैल करावेत. नायलॉनची दोरी याच्या उलट ढिली पडते, ती पुन्हा ओढून घ्यावी. कापडी राहुटीला पावसात आतून हात किंवा पाठ लावू नये, लावली की तिथून पाणी झिरपते. तणावांना पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात. रात्री लघवीला उठलेला म्हातारा माणूस अंधारात दोरीलाच अडखळतो. त्याच कारणाने डोक्याला बांधायची बॅटरी घ्यावी, हात मोकळे राहतात.

झोपायची जागा राहुटीच्या दाराजवळ मागून घ्यावी. तरुण पोरांनी आत झोपावे, म्हाताऱ्यांनी दाराशी. दहा जणांना ओलांडून जावे लागेल या भीतीने पुष्कळ जण रात्रभर अंग चोरून पडतात.

जे कुणी बोलत नाही

आता जे सांगतो ते घरातल्या सर्वांनी वाचावे. सुनांनी सासूला वाचून दाखवावे.

2015 साली मी पुन्हा वारीला गेलो. या वेळी माझी मंडळीही बरोबर होती आणि आत्या तर होतीच. आम्ही बारामतीला सामील झालो. कंबरेला पट्टा आणि खाली जाड अंथरूण, यामुळे माझे छान चालले होते. बेलवाडीचे रिंगण आटोपून निमगावच्या वाटेला लागलो आणि आत्या एकाएकी खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय गार. वाटेत औषधोपचाराची गाडी होती तिथे नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, अंगातले पाणी कमी झाले आहे आणि लघवीच्या मार्गाला दाह आहे. त्यांनी विचारले, "आजी, पाणी किती पिता?" आत्या काही बोलेना.

रात्री माझ्या मंडळीजवळ तिने हळूच सांगितले. दुपारनंतर ती पाणीच पीत नव्हती. रात्री अंधारात लांब जावे लागते, सोबतीला कुणाला उठवायचे, आडोसा मिळेल न मिळेल, म्हणून. आणि हे त्या वर्षीचे नव्हते. वीस वर्षे ती असेच करत होती. जिने मला अंथरुणापासून दोरीपर्यंत सगळे शिकवले, तिने स्वतःची ही एक अडचण कुणाला सांगितली नव्हती. आम्हीही कधी विचारले नव्हते.

मंडळी, मला त्या रात्री खाटेची, गोधडीची फार लाज वाटली. माझी कंबर दुखली ते साऱ्या गावाला माहीत आणि आत्याची तहान आमच्या घरालाही माहीत नाही.

त्यानंतर आम्ही दिंडीत काही गोष्टी सुरू केल्या, त्या लिहितो. राहुटीच्या मागे चार बांबू आणि दोन जुनी लुगडी लावून आडोसा करायचा. तिथे रात्रीसाठी झाकणाची बादली ठेवायची, तळाशी थोडी माती, आणि पहाटे ती शौचालयात रिकामी करून धुवायची. बायकांनी जोडीजोडीने झोपायचे आणि एकीने उठवले की दुसरीने कुरकुर न करता उठायचे. अलीकडे मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये उभी असतात, ही मोठी सोय झाली आहे. पण ज्यांना उकिडवे बसता येत नाही त्यांनी मध्ये भोक असलेली कमोडची खुर्ची न्यावी. औषधांच्या दुकानात मिळते. एक खुर्ची साऱ्या दिंडीतल्या म्हाताऱ्यांना पुरते. तिची लाज वाटायचे कारण नाही.

पाणी घोट-घोट दिवसभर प्यावे, तहान लागायची वाट पाहू नये. वय वाढले की तहान उशिरा कळते. जुलाब झाले तर साखर-मिठाचे पाणी घरचेच करावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, याहून मीठ जास्त नको. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, म्हणून पुष्कळ जण वारीत त्या गोळ्याच बंद ठेवतात. तसे मुळीच करू नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्यावी. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी पाणी किती प्यावे हेही विचारूनच निघावे.

पाय आणि औषधे

नवे बूट घालून वारीला निघू नये. दोन महिने आधी घ्यावेत, रोज रानात घालून मऊ करावेत. चालून पाय सुजतात, म्हणून माप थोडे मोकळे असावे. रोज संध्याकाळी पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून पाहावे. फोड आला तर टोचू नये, स्वच्छ पट्टी लावावी.

साखरेचा विकार असलेल्यांना एक कळकळीची विनंती. तुमच्या पायांना खडा टोचलेला कळत नाही. अनवाणी वारीचा नेम असेल तर तो देवापुढे नम्रपणे सोडावा. जखम चिघळून बोट कापावे लागले तर पुढची वारी कशी होणार? रोज रात्री दुसऱ्या कुणाकडून तळपाय बघून घ्यावेत.

औषधे वीस दिवसांची घ्यावीत आणि दोन ठिकाणी ठेवावीत, थोडी खिशात आणि थोडी ट्रंकेत. एका कागदावर नाव, गाव, घरचा फोन, आजार आणि गोळ्यांची नावे लिहून तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कनवटीला ठेवावा. 108 हा रुग्णवाहिकेचा आकडा सर्वांना पाठ असावा.

आणखी एक. पाटसहून बारामती-इंदापूरमार्गे जाणारा पालखी महामार्ग रुंद झाला, चालायला वेगळी वाट झाली, हे चांगलेच. पण रुंदीकरणात जुनी झाडे गेली. पूर्वी दर फर्लांगाला सावली मिळायची, आता तशी मिळत नाही. म्हणून टोपी किंवा पांढरे उपरणे आणि छत्री हवीच. छत्री पावसासाठी असते हे विसरा, आपल्या भागात ती उन्हासाठी आधी उघडते.

लोक हसतील का?

आता पत्रलेखक बांधवांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. सोय केली की वारी कमी होते का?

मला वाटते, नाही. पालखी सोहळ्याकडेच पाहा. 1685 साली तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी पादुका पालखीत ठेवून देहूहून हा सोहळा सुरू केला. आज ती पालखी रथात असते आणि बैलजोडी तो ओढते. 2020 आणि 2021 साली साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. म्हणून वारी चुकली असे कुणी म्हटले का? नाही. काळ आणि अंग पाहून रीत बदलली आणि नेम राहिला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत अशी म्हण आहे. उतारवयात ती थोडी फिरवून घ्यावी. पाय पाहून अंथरूण घ्यावे.

देहूपासून जमत नसेल तर बारामतीपासून चालावे. तेही जमत नसेल तर सकाळचा टप्पा चालून दुपारी दिंडीच्या गाडीत बसावे. तेही नसेल तर सराटीला नीरास्नानाच्या दिवशी जाऊन निदान तेवढे चालावे. पूर्ण वारी नाही तर काहीच नाही, हा हट्ट तरुणपणी शोभतो. मी एक वर्ष त्या हट्टापायी गोठ्यात काढले.

फक्त एक पथ्य पाळावे. आपली सोय दुसऱ्याच्या डोक्यावर ओझे होता कामा नये. दिंडीचा ट्रक एकच असतो आणि त्यात सगळ्यांचे सामान. खाट न्यायची तर दुसरे काही घरी ठेवावे. ती लावायला, उचलायला पोरांची गरज लागत असेल तर दिंडीप्रमुखांना आधी सांगावे, भिशीत दोन पैसे जास्त द्यावेत. आणि रात्री आपल्यापेक्षा थकलेला कुणी दिसला तर ती खाट त्याला द्यावी. एवढे पाळले तर कुणी हसत नाही. उलट दुसऱ्या साली चार खाटा येतात, हे मी पाहिले आहे.

वाटेवरच्या घरांना

शेवटी आपल्यातल्या ज्यांची घरे आणि रानेच वाटेवर आहेत, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव, इंदापूर, सराटी, त्यांच्यासाठी दोन शब्द. आपण वारकऱ्यांना पिठले-भाकरी घालतो, चहा देतो, पाय चेपतो. आपल्या भागाची ही जुनी रीत आहे आणि ती मोलाची आहे. यंदा त्यात थोडी भर घालावी. ओट्यावर दोन खुर्च्या ठेवाव्यात, पाठ टेकता येईल अशा. न्हाणीघरात रात्रभर दिवा ठेवावा आणि दाराला आतून कडी आहे ना ते पाहावे. पाण्याची बादली भरलेली असावी. आणि घरातल्या बाईमाणसाने वारकरी आयाबायांना आपण होऊन सांगावे, "आजी, मोरी इकडे आहे, रात्री कधीही उठा, मला हाक मारा." पुरुषाने सांगून उपयोग नाही, बाईनेच सांगावे. भाकरी मागायला म्हातारी लाजत नाही, पण हे विचारायला लाजते.

आमची आत्या आता ऐंशी पार आहे. चालणे फारसे राहिले नाही. गेल्या आषाढात तिला सराटीला गाडीने नेले, घडीची खुर्ची बरोबर होती. नीरेच्या काठी खुर्चीवर बसून तिने पादुकांचे स्नान पाहिले, मग पुलावरून शंभर पावले चालली आणि म्हणाली, "झाली माझी वारी." मग पिशवीतून स्वतःची बाटली काढून सगळ्यांदेखत पोटभर पाणी प्यायली.

तेव्हा बांधव, खाट अवश्य न्या. आणि घरच्या म्हातारीलाही विचारा, तिला काय हवे आहे ते. एकदा विचारून ती सांगणार नाही, दोनदा विचारा.

राम कृष्ण हरी.